दोन दिवस ‘आहोत’ आलं नाही तर

माझी तक्रार अंगठ्याविरुद्ध आहे. हाताच्या नव्हे, मोबाईलवरच्या. तो पिवळा, गुबगुबीत, कायम वर केलेला. पूर्वी ज्याला सही येत नसे तो अंगठा उठवायचा आणि त्याला त्याची थोडी लाजही वाटायची. आता दोन-दोन विषयांत एम.ए. झालेले लोक बारशाच्या बातमीवर अंगठा उठवतात, मूळव्याधीच्या ऑपरेशनवर अंगठा उठवतात, आणि लाजत नाहीत. मी संस्कृत पाठशाळेत तर्कशास्त्र शिकलेला माणूस. अंगठा म्हणजे होकार, की पोच, की ‘दिसलं पण वाचलं नाही’, याचा निर्णय करायला मला कुठल्याही ग्रंथात आधार सापडलेला नाही.

निमित्त असं झालं. आमचा ‘फळा’ नावाचा मोबाईलवरचा एक गट आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली, घरी एकटी राहणारी आम्ही काही माणसं रोज संध्याकाळी सात वाजता त्यावर एकच शब्द लिहितो: आहोत. म्हणजे आज जिवंत आहे, काळजी नसावी. पत्नी जाऊन चार वर्षं झाली, मुलगी परदेशी, म्हणून पंचावन्नाव्या वर्षीच मीही त्या म्हाताऱ्यांत मोडतो. तर हल्ली माझ्या ‘आहोत’वर न चुकता दहा-बारा अंगठे यायचे. कुणी वाचत नाही अशी माझी खात्री होत चालली होती. एका सोमवारी मी ठरवलं की लिहायचंच नाही. बघू, कुणाच्या लक्षात येतं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. कुणी हूं की चूं केलं नाही. आणि मंगळवारीच फळ्यावर निमंत्रण आलं: गुरुवारी उदगीरला रेवणअप्पा बिरादार यांचं प्रथम पुण्यस्मरण. त्याखाली सतरा अंगठे.

पुण्यस्मरणाला अंगठा! मी बुधवारी सकाळी बॅग भरली, दार ओढून घेतलं आणि निघालो. लॅचचं दार आहे. ओढलं की लागतं, बाहेरून कुलूप दिसत नाही. हे पुढे कामाला येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

नांदेडहून लातूरला एसटीने जायचं तर लोहा-अहमदपूर मार्गे चार तास धरा. रस्ता आता बरा आहे, फक्त मागच्या चाकावरचं आसन घेऊ नका. अहमदपूरला गाडी थांबते तेव्हा भजी घ्या, चहा घेऊ नका. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना हरभरा आणि ज्वारी, मध्येच तुरीच्या कापलेल्या पेंढ्या. मी खिडकीशी बसून अप्पांबद्दल दोन शब्द कसे बोलायचे याची मनात जुळणी करत होतो.

अप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा तारा पडल्या आणि कुठलं गाव उभं आहे, कुठलं नाही, हे इथे बसून कुणाला सांगता येईना. अप्पा खांद्यावर तारेचं भेंडोळं टाकून गावोगाव पायी फिरले. त्या फिरण्यात काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण काही वर्षांनी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणि एक मोडेम पैदा केला आणि उदगीरच्या आपल्या बैठकीत फोनच्या तारेला जोडला. त्याला नाव दिलं फळा. इंटरनेट हा शब्द आमच्याकडे तोवर पोचलेला नव्हता. नांदेड, लातूर, देगलूर, निलंगा इथे आणखी एकेक कॉम्प्युटर होता. आम्ही फोन लावायचो, यंत्र घसा खाकरल्यासारखं करायचं, आणि उदगीरचा फळा आमच्या पडद्यावर उघडायचा. कुणाला कुठलं रक्त हवंय, कुणाची म्हैस हरवलीय, तुरीचा भाव काय. वाचायचं, आपलं लिहायचं आणि फोन ठेवून द्यायचा, कारण लाइन एकच आणि रांगेत इतर.

आणि रोज सात वाजता हजेरी. खेड्यांतले एसटीडी बूथवाले जवळच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करून सांगायचे, ‘आहोत.’ आम्ही ते फळ्यावर चढवायचो. एखाद्या गावाचं ‘आहोत’ दोन दिवस आलं नाही, तर सगळ्यांत जवळच्याने उठून तिथे जाऊन बघायचं. हा अप्पांचा नियम. एकदा एक गाव दोन दिवस गप्प होतं. मी नांदेडहून फळ्यावर लिहिलं की तार तुटली असणार, उगीच कशाला जायचं. अप्पांनी एसटीडी लावून मला सांगितलं, “तार तुटली का माणूस तुटला, हे हितं बसून कसं कळंल शास्त्री?” आणि लुना काढून स्वतः गेले. बूथवाला मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. अप्पा तिथे चहा प्याले, कुणालाही एक शब्द बोलले नाहीत आणि परत आले. असं ते शेकडो वेळा गेले असतील. बहुतेक वेळा लग्नच निघायचं. पुढे फळा मोबाईलवर आला, गावांऐवजी माणसं हजेरी देऊ लागली, नियम तोच राहिला.

लातूरला गफूरभाईंकडे मुक्काम. त्यांचा गंजगोलाईजवळ एसटीडी बूथ होता, लातूरची हजेरी तेच चढवायचे. आता तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांच्या घरी सकाळी सुशीला खाल्ला. बाहेरच्यांसाठी सांगतो, हा चुरमुऱ्यांचा उपमा. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण पोरगी गुणी आहे. खाताना मी विचारलं, “गफूरभाई, माझं ‘आहोत’ सोमवारपासून नाही. काल संध्याकाळीही नाही. तुमच्या लक्षात आलं?”

त्यांचा घास थांबला. “न्हाई बा. मी दिवसभर लोकांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सा काढून राहिलो. सात वाजता फळा उघडतो, वरपासून खालपर्यंत अंगठे देतो, बंद करतो.” मग माझ्याकडे नीट बघून, “कायकू नै लिखे? तबियत बरी हाय ना?”

“परीक्षा घेत होतो.”

“म्या नापास,” ते म्हणाले. “पण शास्त्रीजी, मरनेका नाटक मत करो. सच्ची मरोगे तो भी अंगठाच देईन मी.”

आम्ही दोघेही हसलो. माझं हसणं लवकर संपलं.

लातूर-उदगीर दोन तासांचा रस्ता, गाड्या भरपूर. वेळ असेल तर किल्ला बघा, आम्हांला नव्हता. अप्पांच्या घरी मांडव होता. फोटोला हार, आणि फोटोखाली तबकात अप्पांची तार कापायची पकड. बैठकीत कोपऱ्यात तो कॉम्प्युटर, अक्कांनी विणलेल्या झालरीखाली. अक्का म्हणजे अप्पांच्या पत्नी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शास्त्री, वाळलास की रे. एकट्याचं काय खातोस?” मी दोन शब्द बोललो. ते चार मिनिटं चालले. मग येसर आमटी, भाकरी आणि शेंगदाण्याच्या पोळीचं जेवण झालं.

जेवताना शेजारी अक्कांचा भाचा शिवराज बसला होता. चाळिशीचा, देगलूरला मोबाईलचं दुकान. माणूस उत्साही. म्हणाला, “मामाचं काम मीच पुढं चालवून राहिलो बघा. आता म्हाताऱ्यांना रोज टाइप कुठं करता येतंय? बोटं थरथरतात, इसरतात. मी फोनमधी सेटिंग करून देतो. सात वाजले की ‘आहोत’ आपोआप जातंय. फोन फक्त चार्जिंगला लावून ठेवायचा. लई दुवा देतात.”

गफूरभाईंनी पोळी खाली ठेवली. मी विचारलं, “कुणाकुणाला करून दिलंय?”

“देगलूर साइडचे समदेच. तुमच्या दादांलाबी की! पोळ्याच्या आधीच करून दिलं.”

आता दादांबद्दल सांगायला हवं. माझे थोरले भाऊ, वय एकाहत्तर. देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेल्या आमच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि तिथेच एकटे राहतात. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, म्हणून फोनवर बोलणं नाही. चौदा महिन्यांत मी गावी गेलो नव्हतो. जायची गरज वाटली नव्हती, कारण रोज सात वाजता दादांचं ‘आहोत’ येत होतं.

धूर दिसला म्हणजे डोंगरावर अग्नी आहे, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवतो. धुक्यालाच धूर समजलं तर अनुमान फसतं, हेही शिकवतो, पण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही म्हणून घाईघाईने. पोळ्यापासून मी धुकं बघत होतो.

मी दादांना फोन लावला. ऐकू येत नसतानाही लावला. रिंग वाजत राहिली. मग लक्षात आलं की गावातल्या दुसऱ्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नाही. शिवराजकडेही नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता. “बरे असतील हो, महिन्याखाली रिचार्जला आलते,” तो म्हणाला. महिन्याखाली.

तीनची देगलूर गाडी मिळाली. मुक्रमाबादमार्गे रस्ता अरुंद, पाठ धरणारा. गफूरभाई न विचारता बरोबर आले. मुक्रमाबाद मागे पडलं. मग ते म्हणाले, “फोन चार्ज हाय म्हणजे कुणीतरी रोज पिन लावतंय की नाय?”

“पिन कायमची लावून ठेवली असेल तर?”

“लाइट जाते की गावात.”

“येतेही.”

“तुमच्याशी बोलायचं म्हणजे…” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. पुढच्या सीटवर एक बाई मांडीवरच्या पिशवीतून वांगी काढून मोजत होती आणि शेजारणीशी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलत होती. मला त्या बाईचा हेवा वाटला. मी मनात दाराची कडी पाहत होतो. आतून लावलेली. दार वाजवलं तर दादांना ऐकू जाणार नाही, म्हणजे दार उघडलं नाही यावरूनही काही सिद्ध होणार नाही. मग दार फोडावं लागेल. ते कोण फोडेल? मग मी पुढचं पाहायचं टाळलं, आणि ते दिसतच राहिलं.

देगलूरहून गावापर्यंत ऑटो. ठरवताना परतीचंही बोलून घ्या, नाहीतर तिकडून काही मिळत नाही. अंधार पडला होता. गाव दोन किलोमीटरवर असताना खिशात फोन थरथरला.

फळा. सात वाजले होते. दादा: आहोत.

चौदा महिने ज्या शब्दाने मी निर्धास्त झोपत आलो, त्या शब्दाकडे मी आता नुसता बघत राहिलो. गफूरभाईंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

घराला कुलूप होतं. बाहेरून. मी ते दोनदा हाताने चाचपलं. खिडकी अर्धी उघडी होती. आत कोनाड्यात फोन, त्याला पिन लावलेली, पडदा अजून उजळलेला. खाट रिकामी, चादर घडी केलेली.

शेजारची नरसव्वा कंदिलाएवढा टॉर्च घेऊन आली. “कोण? अय्यो, नाना न्हवं का तू? तू हितं कसा? गुरुजी तुझ्याकडंच गेले की नांदेडला!”

“कधी?”

“काल सकाळच्याला. म्हणले, नानाचं दोन दिस आलं न्हाई. बघून येतो.”

मी ओट्यावर बसलो.

“आणि फोन?”

“त्यो ठिवला मुद्दाम. मी म्हणलं, घिऊन जावा की. म्हणले, न्हाई, गाडीत रेंज गेली तर माझं ‘आहोत’ चुकंल, मग कुणाला तरी उगा हेलपाटा पडंल हितवर.”

फळ्यावरच्या सगळ्या माणसांत माझी दोन दिवसांची अनुपस्थिती एकाच माणसाने वाचली होती. आणि नियमाप्रमाणे तो निघाला होता. एकाहत्तर वर्षांचा, ठार बहिरा, फोन घरी ठेवून. काल दुपारी तो माझ्या दारात पोचला असणार, आणि मी काल सकाळीच तिथून निघालो होतो, अंगठ्याचा निषेध करायला.

नांदेडला माझ्याच जिन्यातल्या एकाही घराचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी फळ्यावर लिहिलं: मी ठीक आहे. माझे भाऊ कालपासून माझ्या नांदेडच्या घरापाशी असतील, त्यांना ऐकू येत नाही, कुणी कृपया जाऊन बघा. खाली पत्ता दिला.

अंगठे आले. नऊ.

गफूरभाईंनी मोजले. “नौ लोग राजी हैं शास्त्रीजी,” ते म्हणाले आणि ऑटोवाल्याला हाक मारली.

ऑटो थांबला होता म्हणून देगलूरला परत आलो. नांदेडची शेवटची गाडी निघून गेली होती. संध्याकाळनंतर तिथून गाडीचा भरवसा धरू नका. बसस्थानकासमोरच्या लॉजवर पडलो, झोप कुणालाच नव्हती. पहाटेची पहिली गाडी धरली. नरसीपर्यंत मी रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे बघत होतो. नंतर शहर लागलं, टोप्या वाढल्या, आणि बघणं शक्य राहिलं नाही.

माझ्या इमारतीच्या जिन्यात माणसं जमली होती. वरून ड्रिलचा आवाज येत होता. मी धावत वर गेलो. माझ्या दारापाशी एक सुतार लॅचला भोक पाडत होता आणि त्याच्या मागे, धोतराचा सोगा हातात धरून, दादा उभे होते. त्यांना ड्रिल ऐकू येत नव्हतं, पण दाराला हात लावून ते थरथरणं जाणवून घेत होते.

बाकीचं मला तळमजल्यावरच्या किराणावाल्याने सांगितलं. दादा बुधवारी दुपारी आले. दार वाजवलं. आतून कुणी ओ दिली तरी त्यांना कळणार नव्हतं. लॅचमुळे माणूस आत आहे की बाहेर हेही दिसत नव्हतं. मग जिन्यातून जो येईल-जाईल त्याला ते हाताने थांबवायचे आणि म्हणायचे, “दाराला जरा कान लावा. आत काही आवाज येतो का बघा.” लोक कान लावायचे आणि मान हलवून नाही म्हणायचे. दोन दिवस. जेवायला आणि पाठ टेकायला गुरुद्वाऱ्यात जायचे, उजाडलं की परत जिन्यावर. शेवटी शुक्रवारी सकाळी ते स्वतः सुतार घेऊन आले.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग सुताराला हाताने थांबवलं.

“आहेस,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“मग लिहायला काय बोटं झिजत होती का रे गाढवा?”

गफूरभाई जिन्याच्या कठड्याला टेकून रडत होते आणि हसतही होते. सुताराने विचारलं, “आता हे भोक ठेवायचं का बुजवायचं?” मी म्हणालो, ठेव.

दादा चार दिवस राहिले. त्यांना मी सगळं पाटीवर लिहून सांगितलं, अप्पांचं पुण्यस्मरण, पकड, झालरीखालचा कॉम्प्युटर, आणि शेवटी अंगठ्याचं. ते शेवटचं वाचून त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “अप्पा अशा वेळी फक्त चहा प्यायचे. म्हणून मी जास्त बोलत न्हाई.” त्यांना मी स्वतः गावी सोडून आलो. फोनमधलं सेटिंग काढून टाकलं. त्यांनी बोटाने, अक्षर अक्षर शोधत, सात वाजून अकरा मिनिटांनी ‘आहोत’ लिहिलं. नरसव्वाचा नंबर घेतला. किराणावाल्याचा घेतला. ज्यांना अशी फेरी करायची आहे त्यांना सांगतो, चार दिवस पुरेत, खर्च फारसा नाही. निघण्यापूर्वी शेजाऱ्यांचे नंबर लिहून घ्या.

अंगठ्याबद्दलची तक्रार मी मागे घेतो. ती खरी नव्हती.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दोन दिवस माझा शब्द आला नाही तर उठून येणारा एकच माणूस मला उरला आहे, आणि तो एकाहत्तर वर्षांचा आहे. त्याच्यानंतर कोण येईल, मला माहीत नाही. आणि याहून वाईट म्हणजे, त्या सोमवारी-मंगळवारी फळ्यावर आणखी कुणाचं ‘आहोत’ आलं नव्हतं का, हे मी कालपर्यंत पाहिलंच नव्हतं. काल वर सरकवून पाहिलं. नांदेडला लागूनच असलेल्या मुदखेडच्या एका बाईंचं नव्हतं. त्यांच्या दारी कुणी गेलं असेल का, मला माहीत नाही. मी गेलो नव्हतो.